गुलमंडीचा रस्ता कुणाचा?

रोज अर्धा तास चाला. साखर असो, रक्तदाब असो की वाढलेलं वजन, आमच्या शहरातला कुठलाही डॉक्टर गोळ्यांच्या नावांखाली ही ओळ लिहितोच. चिठ्ठीवरची ही एकच ओळ फुकट असते आणि तीच सगळ्यात कमी पाळली जाते. आळस हे त्याचं एक कारण आहे. पण जुन्या शहरात राहणाऱ्या माणसाला विचारा, तो तुम्हालाच उलट विचारेल : चालू कुठे?

माझ्या अम्मीला साखर निघाली तेव्हा तिलाही हेच सांगितलं गेलं. कुणीतरी जॉगिंग ट्रॅकचं नाव काढलं. ती म्हणाली, “चलना है तो बाजार कू जातूँ ना. फुकट में मैदान के चक्कर काटते क्या?” आमच्या घरांतल्या तिच्या पिढीच्या बायकांचं हे साधं गणित आहे. बुरख्याखाली स्पोर्ट्स शूज घालून, हात हलवत ‘वॉक’ला जाणं त्यांना परकं वाटतं. काम असल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, आणि बाजार हे घरातल्या सगळ्यांना मान्य असलेलं काम. म्हणून बाग किंवा जिम नव्हे, बाजार हीच त्यांची चालायची जागा. तो बाजार चालण्याजोगा राहिला नाही, तर त्यांचं चालणंच संपतं. घरात बसून केलेल्या बारा कामांना डॉक्टर व्यायाम म्हणत नाहीत.

तिचा ठरलेला रस्ता होता. शहागंजच्या घड्याळापासून निघायचं, सराफ्यातून सिटी चौक, तिथून मछली खडक, मग गुलमंडी, आणि जमलं तर टिळक पथावरून पैठण गेट. न थांबता चाललं तर अर्ध्या तासाच्या आसपासचा रस्ता. तिला दोन तास लागायचे. कुठे दुपट्ट्याला पिको, कुठे साडीला फॉल, कुठे रंगाला रंग मिळवून घेतलेलं अस्तर. गुलमंडीतल्या एका कापड दुकानातले काका “या भाभी” म्हणत स्टूल पुढे करायचे. ती अर्धी मराठी, अर्धी दखनी बोलायची, “दादा, हा रंग नक्को, जरा डार्क दाखवा ना.” घरी येईपर्यंत पिशवीत अस्तराशिवाय पेरू, बांगड्या आणि इमरतीचा पुडा असायचा. इमरती तिला खायची नसायची, पण ती आमच्यासाठी.

आता ती तिकडे जात नाही. गुडघे अजून चालतात, पण दुचाकीची भीती वाटते. मागून हॉर्न, बाजूने आरसा, समोरून उलट्या दिशेने येणारी रिक्षा. पदपथ असलाच तर त्यावर गाडी उभी. बुरख्याचा घोळ कुणाच्या हँडलमध्ये अडकला की बाई पडते आणि साठीनंतर एकदा खुबा मोडला की घर उंबऱ्याआतच उरतं. तिच्या मैत्रिणींपैकी बऱ्याच जणींचं असंच झालं आहे. बाजार त्यांनी सोडलेला नाही, बाजारापर्यंत पोचणं त्यांना बंद झालं आहे.

मला यात खटकतं ते हे की गुलमंडी मुळात पायांसाठीच घडलेली आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या गावी निजामशाहीची राजधानी वसवली. १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचं औरंगाबाद झालं, आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर. नावं बदलली, पण जुन्या शहराची मांडणी त्याच हिशेबाची राहिली. ‘बावन्न पुरे, बावन्न दरवाजे’ असं इथली म्हातारी माणसं सांगतात. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा ही नावं मुघल फौजेतल्या राजपूत सरदारांची, तर बेगमपुरा, नवाबपुरा ही दुसऱ्या धाटणीची. पुऱ्यात प्रार्थनेची जागा, पाण्याचा हौद, किराणा, भटारखाना, न्हावी. उत्तरेच्या डोंगरांतून मलिक अंबरच्या नहरीने शहरात पाणी यायचं. मोठ्या खरेदीला गुलमंडी, सराफा, शहागंज. गुल म्हणजे फूल, मंडी म्हणजे बाजार. टोपलीभर फुलं आणणाऱ्या आणि ओंजळभर घेऊन जाणाऱ्या माणसांचा तो बाजार.

२०२० मध्ये पॅरिसच्या महापौर ॲन हिदाल्गो यांनी ‘पंधरा मिनिटांचं शहर’ ही कल्पना आपल्या निवडणूक प्रचारात आणली आणि ती जगभर गाजली. घरापासून पंधरा मिनिटांत पायी किंवा सायकलवर शाळा, दवाखाना, दुकान, बाग मिळालं पाहिजे, एवढाच तिचा अर्थ. आमच्या पुऱ्यांत राहणाऱ्याला यात नवल वाटण्यासारखं काही नाही. मी जुन्या काळाचे गोडवे गात नाही. तेव्हाही अमीर पालखीत बसायचे आणि गरीब चिखलातून चालायचा. पण शहराची मापं माणसाच्या पावलांनी घेतलेली होती. पुढे सिडकोच्या नव्या वसाहती आल्या, वाळूजसारखी औद्योगिक वसाहत आली, अंतरं वाढली, गाडी गरजेची झाली. ते समजण्यासारखं आहे. मात्र त्या अंतरांसाठी घेतलेली गाडी आपण मछली खडकाच्या अरुंद गल्लीत, थेट दुकानाच्या पायरीपर्यंत न्यायला लागलो.

न चालण्याची किंमत आता आकड्यांत कळते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस करते, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. अम्मीच्या बाजाराच्या फेऱ्या एवढ्या सहज व्हायच्या.

रोजच्या कामातलं चालणं हाही व्यायामच, हे जुनं संशोधन आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून असायचे, कंडक्टर दुमजली बसचे जिने चढ-उतार करायचे. एकच बस, सारखेच घरचे हाल, पण कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. कंडक्टर कुणी जिममध्ये जात नव्हते. त्यांच्या कामातच चालणं होतं. शहराचा रस्ता नीट असेल तर सगळ्यांच्याच दिवसात ते चालणं आपोआप येतं. त्यासाठी पहाटे उठायचा निश्चय लागत नाही, महिन्याची फी लागत नाही.

चालण्याची भीतीही उगाच नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतला जवळपास प्रत्येक पाचवा माणूस पायी चालणारा होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अडथळ्याविना पदपथ वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि पदपथ अपंगांनाही वापरता येण्याजोगे हवेत. म्हणजे रस्त्याने सुखरूप चालणं ही कुणाची मेहेरबानी नाही.

आता दुकानदारांचं म्हणणं. हा विषय काढला की गुलमंडीतला व्यापारी पहिलं वाक्य बोलतो, “गाडी बंद केली तर गिऱ्हाईक मॉलला जाईल.” त्याची भीती खोटी नाही. त्याचं भाडं, नोकरांचे पगार, सणाला भरलेला माल, सगळं त्या गिऱ्हाइकावर चालतं. ऑनलाइनने आधीच त्याचा घास तोडला आहे. म्हणून त्याला रागावून उपयोग नाही, हिशेबच मांडला पाहिजे.

एक मोटार उभी करायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा लागते. जुन्या बाजारातल्या दहा फुटी दुकानाचं तोंड त्या एका मोटारीने पुरतं झाकलं जातं. तीतून दोन-तीन माणसं उतरतात, तीही बहुधा पलीकडच्या दुकानात जातात. तेवढ्याच जागेत डझनभर बायका उभ्या राहून काचेतला माल बघू शकतात. आणि त्या जागेवर गिऱ्हाइकाचीच गाडी असते असंही नाही. कुठल्याही बाजारात सकाळी दहाला जाऊन बघा. शटर वर गेलं की पहिली गाडी लागते मालकाची, दुसरी नोकराची, आणि त्या रात्री दुकान बंद होईपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाइकासाठी म्हणून भांडून घेतलेली जागा दिवसभर दुकानच अडवून बसतं.

शिवाय गिऱ्हाईक कसं येतं याचा दुकानदाराचा अंदाज नेहमी बरोबर असतोच असं नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ मध्ये याची पाहणी झाली. तिथल्या दुकानदारांना वाटत होतं की ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतं. प्रत्यक्षात ते निघालं २२ टक्के. ज्या देशात घरोघर मोटारी आहेत तिथली ही गत. मोटारवाला मोठा दिसतो, हॉर्न वाजवतो, तक्रार करतो, म्हणून लक्षात राहतो. सिटी बसमधून उतरून आलेली, शेअर रिक्षाने आलेली, पुऱ्यातून चालत आलेली बाई गुपचूप येते आणि गुपचूप पैसे देऊन जाते.

राहिला मॉल. मॉल म्हणजे तरी काय? गाडी बाहेर ठेवून, सपाट जमिनीवर, दोन्ही बाजूंना दुकानं बघत केलेली पायपीट. मध्ये बसायला बाक, स्वच्छ संडास, पोरांना मोकळं सोडता येतं. मॉलमध्ये कुणी दुकानाच्या दारात स्कूटर लावत नाही, उलट पार्किंगचे पैसे देऊन अर्धा किलोमीटर चालतात. गिऱ्हाईक गुलमंडीतून मॉलला जातं ते गाडीसाठी नव्हे, गाडीपासून सुटका मिळते म्हणून. गुलमंडीकडे मॉलपेक्षा जास्त आहे. सुपारी हनुमानाचं मंदिर आहे, पिढीजात दुकानं आहेत, फॉल लावून देणारा, बटण बदलून देणारा, घड्याळ दुरुस्त करणारा आहे. या कारागिरांचा धंदा चालत्या माणसावर चालतो. स्कूटरवरून जाणाऱ्याला पिकोवाल्याची पाटी दिसतच नाही. चालणारा एका कामासाठी येतो आणि चार ठिकाणी पैसे सोडतो, आणि ते पैसे शहरातल्या शहरात फिरतात.

हे आपल्याकडे अजिबात झालेलं नाही असं नाही. दिल्लीत चांदणी चौकाचा लाल किल्ल्याकडच्या टोकापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा साधारण १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी, सायकलरिक्षा चालू. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पादचारी दिन पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी वाहनांविना ठेवला. रस्त्याच्या मधोमध माणसं निवांत चालली. आपल्या शहराचंही नाव या यादीत आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ नावाची स्पर्धा घेतली. पुढे तिच्या ११ विजेत्या शहरांत औरंगाबाद होतं. रंगाचे पट्टे, कुंड्या, तात्पुरते बाक अशा हलक्या सामानाने रस्ता आधी करून बघायचा, लोकांचं ऐकायचं, मग पक्का करायचा, ही त्या स्पर्धेची पद्धत. पद्धत चांगलीच आहे. पण रंग उडतो, कुंडी फुटते, आणि रस्ता पुन्हा पहिल्यासारखा व्हायला वेळ लागत नाही. चांदणी चौकातही बंदीच्या वेळेत दुचाक्या घुसतात अशा तक्रारी येत राहिल्या. रस्ता बांधणं सोपं असतं, तो रोज राखणं हेच खरं काम.

आणि इथे मला एक मोठी भीती वाटते. ‘पादचाऱ्यांसाठी’ असं म्हणत पहिली कुऱ्हाड कुणावर पडते? हातगाडीवर. पथक येतं, केळीची गाडी उचलतं, मोजे-रुमालाची पथारी गुंडाळतं, आणि संध्याकाळपर्यंत त्याच मोकळ्या जागी कुणाची तरी मोटार उभी राहते. पोट भरणारी हातगाडी अतिक्रमण आणि फुकट उभी मोटार ‘सोय’, हे कुठलं न्यायाचं माप? २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की विक्रेत्यांची पाहणी पूर्ण होऊन त्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही हटवायचं नाही. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. आमच्या शहरात फळं, बांगड्या, खजूर, चपला विकणाऱ्यांत आपली मुसलमान पोरं पुष्कळ आहेत. त्यांना हटवून केलेला सुंदर रस्ता मला नको. त्यांना रेघ आखून जागा द्या, वेळ ठरवून द्या. चालणाऱ्याला विक्रेता हवाच असतो. संध्याकाळी गल्लीत त्याच्या गाडीवरचा दिवा असतो म्हणून तर बाईला तिथून जाताना भीती वाटत नाही.

दीनाच्या अंगानेही हे बोललं पाहिजे, कारण मशिदीतल्या तकरीरीत हा विषय फारसा येत नाही. रस्त्यातली त्रास देणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच एक हिस्सा, ही हदीस मदरशात जाणाऱ्या पोरालाही पाठ असते. बुखारीत असंही येतं की रस्त्याच्या जागेवरून तंटा झाला तेव्हा प्रेषितांनी सात हात रुंदी वाटेसाठी सोडायचा निवाडा दिला. म्हणजे वाट ही आधी सगळ्यांची, उरलेलं तुमचं. मशिदीपासून लांब राहणाऱ्या बनू सलमाच्या लोकांना जवळ यायचं होतं, तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की तिथेच राहा, तुमची पावलं लिहिली जातात. हे सगळं माहीत असताना जुम्याला आपण काय करतो? मोहल्ल्यातल्या मोहल्ल्यात स्कूटर काढतो आणि वजू राखून धावपळीत ती मशिदीसमोर अशी आडवी लावतो की बाहेरच्या म्हातारीला, व्हीलचेअरला, ॲम्ब्युलन्सला वाट उरत नाही. महापालिकेकडे बोट दाखवण्याआधी एवढं तर आपल्या हातात आहे.

आरोग्य आणि धंदा यांच्यापलीकडेही काहीतरी पणाला लागलेलं आहे. नव्या वस्त्या धर्माधर्माच्या झाल्या. पोरांच्या शाळा वेगळ्या, रुग्णालयं वेगळी, वाढदिवसाचे हॉल वेगळे. कुणाकडून माल घ्यायचा हे नाव विचारून ठरवा, अशी आवाहनं मोबाइलवर फिरतात. अशा दिवसांत गुलमंडी ही उरलेल्या थोड्या जागांपैकी एक आहे जिथे ईदच्या आदल्या रात्री आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एकाच काउंटरवर बुरखा आणि नऊवारी शेजारी उभ्या राहून भावाची घासाघीस करतात. ही ओळख भाषणांनी झालेली नाही. वर्षानुवर्षं त्याच रस्त्याने चालून, त्याच स्टुलावर बसून झालेली आहे. हेल्मेटच्या काचेआडून कुणी कुणाला सलाम-नमस्कार करत नाही. शहराने चालणं सोडलं की ही ओळख विसरायला एक पिढी पुरते.

करायचं काय, तर फार मोठं काही नाही. पैठण गेट ते सिटी चौक या पट्ट्यात रमजानचे शेवटचे दहा दिवस, गणपती आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा, संध्याकाळी ५ ते १० गाड्या बंद ठेवून बघायच्या. माल उतरवायला सकाळी दहाच्या आतली वेळ. गाड्यांसाठी औरंगपुऱ्यातलं जिल्हा परिषदेचं मैदान, आमखास मैदान अशा कडेच्या जागा. तिथून म्हाताऱ्या-कोताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी बॅटरी रिक्षा. गल्लीत राहणाऱ्यांना पास. ॲम्ब्युलन्स आणि अग्निशामक गाडीला मोकळी वाट. दर शंभर पावलांवर बसायला बाक आणि, सगळ्यात आधी, बायकांसाठी स्वच्छ संडास. साखरेच्या रोग्याला वरचेवर लघवीला जावं लागतं. दोन तास बाजारात अडकायला होईल या धास्तीने आमच्या बायका घरून पाणी न पिता निघतात. चालायच्या रस्त्याचा कुठलाही नकाशा या एका गोष्टीपासून सुरू झाला पाहिजे.

आणि वाद घालण्याआधी मोजणी करू. रस्त्याचा आराखडा बनवताना गाड्या मोजायची रीत आहे, तशी माणसं मोजू. येत्या सणाला कॉलेजची चार पोरं-पोरी दोन दिवस गुलमंडीच्या चौकात बसवा. किती जण पायी आले, किती दुचाकीवर, किती मोटारीत, हे एका वहीत लिहा. दुसऱ्या वहीत दुकानदारांकडून त्या दोन दिवसांचा गल्ला कमी-जास्त किती, एवढंच विचारा. मग गाड्या बंद ठेवून तेच दोन दिवस पुन्हा मोजा. व्यापारी संघाने हे स्वतः केलं तर उत्तम, म्हणजे आकड्यांवर त्यांचाही भरवसा बसेल. दोन वह्या आणि चार पेन, एवढाच खर्च आहे.